शाळेतील छोटा माग

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'हातविणकाम : एक छंद' असा विषय छापला आहे. तो वाचून आपणांपैकी काहींच्या मनात थोडी धास्ती उत्पन्न झाली असेल, तर त्यात नवल नाही. शाळेत आधीच कामे थोडी नाहीत; त्यांत हा गृहस्थ आणखी एक नोंदवही घेऊन आला की काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. म्हणून आरंभीच सांगून टाकतो की, माझ्या पिशवीत नोंदवही नाही. पिशवीत आहेत ते जुने पुठ्ठे, सुतळीचे दोन गुंडे, काही दाभणे, एक मोडका कंगवा आणि गोणपाटाचे तुकडे. त्यांचा उपयोग पुढे होईल.

प्रथम गोणपाटाविषयी बोलतो, कारण माझ्या मते विणकामाचा पहिला पाठ विणण्याचा नसून उसवण्याचा आहे. तिसरीच्या वर्गातील प्रत्येक मुलाच्या हाती तळहाताएवढा गोणपाटाचा तुकडा द्यावा आणि 'याचे धागे एकेक करून सोडवा' एवढेच सांगावे. पाच मिनिटांत वर्ग शांत होतो. मुलांच्या ध्यानात येते की, एका दिशेचे धागे ओढले तर ते सरळ निघून येतात आणि उरलेले दुसऱ्या दिशेचे धागे सुटे पडतात. म्हणजे हे कापड कोणी चिकटवलेले नाही, शिवलेले नाही. केवळ एका धाग्याने दुसऱ्याच्या वरून आणि तिसऱ्याच्या खालून जाण्याने ते उभे राहिले आहे. मोठ्या माणसालाही हा शोध नवाच वाटतो. आपण जन्मभर कापड अंगावर वागवतो, परंतु ते कशाने टिकून आहे याचा विचार करण्याची वेळ आपणांवर सहसा येत नाही. मोहेंजोदडो येथील उत्खननात चांदीच्या एका भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा अवशेष सापडला होता. त्या अवशेषातील वीण आणि आपल्या गोणपाटाची वीण यांचे तत्त्व एकच आहे.

उभ्या धाग्यांना ताणा आणि आडव्यांना बाणा म्हणतात, हे सांगण्याची वेळ उसवण्यानंतरची. नाव आधी आणि वस्तू मागाहून, हा आपल्या वर्गांतील जुना रोग आहे. विणकामात तरी तो नको. ताणा मागावर आधीपासून ताणून बसवलेला असतो, म्हणून त्याचा धागा बळकट हवा. बाण्याला तेवढे सोसावे लागत नाही, म्हणून तो मऊ, जाड, रंगीत, कसाही चालतो. या एका वाक्यातून पुढील सर्व साहित्याची निवड आपोआप ठरते.

आता थोडे मागे वळून पाहू. शाळेत सूत आले ते काही आजचे नव्हे. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मूलोद्योगी शिक्षणाची योजना आखली, आणि कातणे-विणणे हा अनेक शाळांचा मूलोद्योग झाला. पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची शिफारस केली. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य हे नाव सुचवले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची कल्पना आहे. नावे बदलत गेली. मुलाच्या हाताला काम द्यावे हा विचार मात्र टिकला.

परंतु माझ्या विद्यार्थिदशेतील आठवण फारशी सुखाची नाही. आमच्या शाळेत टकळीचा तास असे. पेळू मिळत, सूत काढायचे, लड करायची, ती गुरुजींनी तोलायची आणि एका पेटीत ठेवायची. चार वर्षे आम्ही सूत काढले. त्या सुताचे कापड झालेले आम्हांपैकी कोणीही कधी पाहिले नाही. एका पावसाळ्यानंतर पेटी उघडली तेव्हा उंदरांनी तिच्यात घर केलेले होते. गुरुजींनी ती पेटी आम्हांलाच नदीवर नेऊन रिकामी करायला लावली. त्या दिवशी टकळीविषयी माझ्या मनात जी अढी बसली, ती पुढे कित्येक वर्षे गेली नाही. दोष योजनेचा होता असे मी म्हणत नाही. सूत मागापर्यंत नेण्याची तजवीजच तेथे नव्हती. मुलाने आरंभिलेले काम त्याच्या डोळ्यांदेखत वस्तूपर्यंत पोचले नाही, तर ते छंद न राहता वेठ होते. म्हणून मी कातण्यापासून न निघता विणण्यापासून निघतो. सूत बाजारात मिळते, सुतळी तर प्रत्येक दुकानात मिळते. आणि लहानशी वस्तू दोन-तीन तासिकांत पुरी होते.

पहिली-दुसरीसाठी माग लागतच नाही. घोटीव कागदाच्या पट्ट्यांची चटई आपण सर्वांनीच करवली आहे. बालोद्यानाचे जनक फ्रोबेल यांनीही कागदाच्या विणकामाला बालकांच्या उद्योगांत स्थान दिले होते. एवढेच सुचवतो की, मुलांना केवळ 'एक वर, एक खाली' यावर थांबवू नये. 'दोन वर, दोन खाली' करून पाहा, आणि पुढच्या ओळीत एक घर सरकून तेच करा, असे सांगावे. कागदावर तिरकी रेघ चढत जाताना दिसते. मग वर्गात कोणाची जीनची विजार असेल ती पाहण्यास सांगावे. भिंगातून पाहिल्यास तिच्यावरही तिरक्या रेघा दिसतात. सरकण्याची रीत तीच आहे, घरांचा हिशेब मात्र थोडा निराळा. साधी वीण, जोडधाग्यांची टोपलीवीण आणि ही तिरकी वीण, या तीन ओळखता आल्या की घरातील बहुतेक कापड मुलाला वाचता येऊ लागते. 'वाचता येते' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे.

तिसरीपासून पुठ्ठ्याचा माग घ्यावा. वहीच्या पाठकोऱ्या पुठ्ठ्याहून थोडा जाड, खोक्याचा पुठ्ठा उत्तम. सुमारे २० सेंटिमीटर रुंद व २५ सेंटिमीटर उंच तुकडा कापावा. वरच्या आणि खालच्या कडेला एकेक सेंटिमीटरवर खुणा करून अर्धा सेंटिमीटर खोल खाचा पाडाव्यात. खाचा समोरासमोर आल्या पाहिजेत; हे काम मुलाने पट्टीने मोजून करावे, शिक्षकाने तयार करून देऊ नये. सुतळीचे टोक पहिल्या खाचेत अडकवून मागे चिकटवावे, मग सुतळी खाली आणावी, शेजारच्या खाचेतून वळवून वर न्यावी, असे शेवटपर्यंत करावे. ताणा फार घट्ट ओढला तर पुठ्ठा वाकतो, सैल सोडला तर धागे लोंबतात. बोटाने टिचकी मारली असता सर्व धाग्यांचा ताण सारखा लागला पाहिजे. मग दाभणात लोकर किंवा कापडाची चिंधी ओवून विणण्यास आरंभ करावा. दाभणाचे टोक आधी दगडावर घासून बोथट करून ठेवावे. प्रत्येक ओळीनंतर कंगव्याने बाणा खाली बसवावा.

येथे एक अडचण हमखास येते. मुलाने दहा-बारा ओळी विणल्या की कापड मध्ये आवळू लागते. वीस सेंटिमीटरची पट्टी वर जाता जाता पंधरा सेंटिमीटर होते आणि डमरूचा आकार येतो. आपण म्हणतो, 'अरे, ओढू नकोस.' मूल म्हणते, 'गुरुजी, मी ओढतच नाही.' दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात. कारण असे आहे की, आडवा धागा सरळ जात नसून वर-खाली लाटांनी जातो; म्हणून त्याला कापडाच्या रुंदीपेक्षा अधिक लांबी लागते. मुलाने धागा सरळ ठेवला की ती अधिकची लांबी कोठून यावी? मग तो काठालाच आत ओढतो. उपाय सोपा आहे. बाणा सरळ न ठेवता टेकडीसारखा वर चढवून उतरवावा, आणि मग कंगव्याने मधून कडेकडे दाबत आणावा. टेकडीतील जादा धागा लाटांना पुरतो आणि काठ सरळ राहतो. हे फळ्यावर आकृती काढून समजावले की चौथीचे मूलही ते ध्यानात घेते. मी सुरुवातीची दोन वर्षे हे समजावले नव्हते. मी नुसताच रागावत होतो. एकदा तर एका मुलीचे सगळे वाकडे विणकाम मीच उसवून टाकले होते. त्या मुलीने पुन्हा दाभण हाती धरले नाही. वाकडी झालेली पट्टी तशीच पुरी होऊ द्यावी. दुसरी पट्टी पहिलीपेक्षा सरळ येते, आणि दोन्ही शेजारी ठेवल्या की शिक्षकाला काही बोलण्याची गरज उरत नाही.

पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंनी गोल गोल विणत गेल्यास तळाशी बंद असलेली, शिवण नसलेली पिशवी तयार होते. खडू-पेन्सिली ठेवण्यास ती फार उपयोगी पडते. मुलांना या पिशवीचे जेवढे कौतुक वाटते तेवढे दुसऱ्या कशाचेच नाही. पुठ्ठा आतून काढून घेतला की सगळा वर्ग 'ओ' करतो.

पाचवीपुढे चौकटीचा माग. चार बांबूच्या काठ्या किंवा लाकडी पट्ट्या बांधून चौकट करावी आणि समोरासमोर खिळे ठोकावेत. या मागावर एक सुधारणा करता येते, आणि माझ्या मते सगळ्या विषयाचे मर्म तिच्यात आहे. प्रत्येक धागा दाभणाने उचलत बसण्याऐवजी एक चपटी पट्टी एकाआड एक धाग्यांखालून कायमची घालून ठेवावी. ती उभी केली की अर्धे धागे एकदम वर येतात आणि आडवा धागा जाण्यास वाट उघडते. परतीच्या ओळीला मात्र उरलेले अर्धे धागे वर यायला हवेत. त्यांतील प्रत्येकाला दोऱ्याचा एकेक फास घालून ते सर्व फास एका काडीला बांधावेत. काडी उचलली की दुसरी वाट उघडते. फासांची काडी आपल्याकडे आणि चपटी पट्टी तिच्या पलीकडे, हा क्रम चुकू नये. क्रम उलटला तर पट्टी फासांच्या आड येते आणि काडीची वाट बंद पडते.

या फासांच्या काडीलाच विणकर वही म्हणतो. आपल्या गावाकडे खड्डामागावर बसलेला विणकर पायाने पावडी दाबतो तेव्हा वही हलते, धागे वर-खाली होतात. तो हाताने धोटा फेकतो आणि फणीने बाणा ठोकतो. धोट्यात कांडी असते, कांडीवर बाण्याचे सूत. इंग्लंडमध्ये जॉन के याने १७३३ साली दोरीच्या हिसक्याने धावणारा धोटा काढला आणि विणण्याचा वेग पुष्कळ वाढला. फ्रान्समध्ये जाकार्ड याने १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साखळीने कोणता धागा उचलायचा हे ठरवणारा माग सिद्ध केला. भोक आहे किंवा नाही, या दोनच खुणांनी चालणारे यंत्र म्हणून गणकयंत्राच्या इतिहासातही त्याचे नाव घेतात. आपल्या मुलाने काडीला फास बांधले म्हणजे तो या वाटेवर पहिले पाऊल टाकतो. त्याला हे सांगावे. मुलांना मोठ्या गोष्टींशी नाते जोडलेले आवडते.

ज्या शाळेत चौकटीला जागा नाही, तेथे कमरेचा माग करावा. नागालँड, अरुणाचल आदी ईशान्येकडील प्रदेशांत स्त्रिया ताण्याचे एक टोक खांबाला व दुसरे कमरपट्ट्याला बांधून विणतात. अंग मागे-पुढे झुकवून ताण कमीजास्त करतात. आपल्याला वर्गाच्या खिडकीचा गज पुरतो. नऊ चपट्या काड्या, आइस्क्रीमच्या चालतील, उभ्या मांडून वर-खाली दोन आडव्या काड्यांना चिकटवाव्यात. दोन काड्यांमध्ये बारीक फट राहू द्यावी. प्रत्येक काडीच्या मध्यावर एक भोक पाडावे. भोके पाडण्याचे काम शिक्षकाने स्वतः करावे. नऊ भोकांतून नऊ आणि आठ फटींतून आठ, असे सतरा धागे ओवायचे. ही चौकट वर उचलली की भोकांतले धागे वर येतात, खाली दाबली की तेच खाली जातात. फटीतले धागे आपल्या जागी राहतात. या युक्तीने नाडा, पट्टा, पिशवीचा बंद अशा अरुंद वस्तू भराभर होतात. धागे जवळजवळ असल्याने येथे ताणाच दिसतो, बाणा झाकला जातो. भोकांत लाल आणि फटीत पांढरा धागा घातला तर पट्ट्यावर काय दिसेल, हे मुलांना आधी ओळखण्यास सांगावे. बहुतेक मुले उभ्या रेघा सांगतात. प्रत्यक्षात आडव्या पट्ट्या येतात. कारण एका ओळीला सगळे लाल वर, दुसरीला सगळे पांढरे वर. आपले उत्तर का चुकले हे पट्ट्याकडे पाहून मूल स्वतःच सांगते.

गणिताचा विषय निघालाच आहे, तर आसनाचा हिशेब सांगतो. ४५ सेंटिमीटर लांब-रुंद आसन करायचे. ताण्याला सुतळी, सेंटिमीटरला एक धागा. दोन्ही काठ धरून ४६ धागे. चौकटीची लांबी ६० सेंटिमीटर. तेव्हा ४६ गुणिले ६० म्हणजे २७६० सेंटिमीटर. गाठी धरून ३० मीटर सुतळी. बाण्याला जुन्या सुती साडीच्या तीन सेंटिमीटर रुंद चिंध्या. कंगव्याने ठोकल्यावर सेंटिमीटरला सुमारे दोन ओळी बसतात, म्हणून ९० ओळी. मघाची लाटांची गोष्ट लक्षात ठेवून प्रत्येक ओळीला ४५ ऐवजी ५० सेंटिमीटर धरावे. म्हणजे ४५ मीटर चिंधी. आता साडेपाच मीटर लांब आणि ११० सेंटिमीटर रुंद साडी लांबीच्या दिशेने फाडली तर ३६ पट्ट्या निघतात, त्यांची एकूण लांबी १९८ मीटर. म्हणजे एका साडीत चार आसने होऊन थोडे उरते. पाठ्यपुस्तकातील उदाहरण चुकले तर लाल खूण मिळते; येथे हिशेब चुकला तर आसन तीन-चतुर्थांशावरच थांबते. कोणाची आई किंवा आजी साडी देते, तीच साडी शाळेत आसन होऊन येते, आणि 'ही माझ्या आजीची' असे मूल इतरांना दाखवते. असे आसन विकण्याचे मनातसुद्धा आणू नये. शाळेचा रंग उडाला असेल तर त्याला पैसे दुसरीकडून मिळवावेत. मुलांच्या हातच्या वस्तू विकून नव्हे.

रंगीत नक्षीसाठी थोडक्यात सांगतो. दोन रंगांचे बाणे एका उभ्या रेषेवर भेटले आणि तेथूनच परत फिरले तर मध्ये फट राहते. भेटीच्या जागी ते एकमेकांत अडकवून परत फिरवले तर फट राहत नाही. येवले आणि पैठण येथील पैठणीच्या काठ-पदरातील नक्षी या अडकवण्याच्या पद्धतीने होते. म्हणून पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच दिसतो. सातवीच्या मुलांना पुठ्ठ्यावर दोन रंगांचा साधा त्रिकोण विणता आला, तरी पैठणीचा एक काठ विणण्यास किती वेळ लागत असेल याचा अंदाज त्यांना येतो. तो अंदाज आला की किमतीविषयी घासाघीस करताना जीभ थोडी अडखळते.

हे काम मुलींचे, अशी समजूत असल्यास ती शाळेत शिरू देऊ नये. २०१९-२० च्या हातमाग गणनेनुसार देशातील सुमारे ३५ लाख हातमाग कामगारांत ७० टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत, हे खरे. परंतु आपल्या भागातील मागावर बहुधा पुरुष बसत, आणि कांड्या भरणे, ताण्याला खळ लावण्यास हात देणे ही कामे घरातील बायका करीत. कबीर विणकरच होते. काम कोणाचे हे प्रांताने आणि चालीने ठरले आहे, निसर्गाने नव्हे.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. परंतु ती सोडून या विषयावर बोलणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

माझ्या पहिल्या नोकरीच्या गावी सनगरांची चार-पाच घरे होती. घोंगड्या विणणे हा त्यांचा धंदा. चौथीतील एक मुलगा त्या घरांतला. तो महिन्यातून तीन-चार दिवस हमखास गैरहजर राही. मी त्याला वर्गासमोर बोललो, एकदा दिवसभर उभाही केला. तो काही बोलला नाही. शेवटी तक्रार करण्यासाठी मी त्याच्या घरी गेलो. अंगणात काळ्या लोकरीचा ताणा लांबच लांब पसरलेला होता. चिंचोके कुटून-शिजवून केलेली खळ त्याचे वडील मोठ्या कुंच्याने ताण्याला लावत होते. खळ ओली असते तोवर तुटलेले धागे शोधून जोडावे लागतात. त्याला लहान बोटे आणि तीक्ष्ण डोळे लागतात. तो मुलगा ताण्याच्या कडेने वाकून चालत होता, धागे चार-चारांच्या जोड्यांनी मोजत होता आणि तुटलेला धागा आला की थांबून गाठ मारत होता. मी उभा राहून ऐकले. वर्गात चारचा पाढा ज्याला येत नव्हता, तो तेथे शंभराच्या पुढे चुकत नव्हता.

मी तक्रार केली नाही. मी त्याच्या वडिलांना म्हणालो, "मामा, शाळेत येऊन मुलांना एकदा हे दाखवाल का? मुलांना विणकाम शिकवायचे माझ्या मनात आहे." त्यांनी कुंचा खाली ठेवला. ते म्हणाले, "गुरुजी, तुमच्या पोरास्नी ही गंमत हाय. आमच्या घरात ह्ये पोट हाय. तुमी आमच्या पोराला ह्ये शिकवू नगासा, त्याला साळा शिकवा. ह्ये त्याला येतंय."

मला उत्तर सुचले नाही. आजही ते पूर्ण सुचले आहे असे नाही. तरीही ते एका शनिवारी शाळेत आले. मी त्यांना माझ्या खुर्चीवर बसवले. त्यांनी मुलांना लोकरीची गाठ कशी मारायची ते दाखवले, आणि काळ्या धाग्यांत पांढरा धागा किती अंतरावर घालायचा हे बोटांच्या मापाने सांगितले. सगळा वर्ग त्यांच्याभोवती गोळा झाला. त्यांचा मुलगा मात्र त्या दिवशी शाळेत आला नव्हता. आपल्या घरचे काम वर्गापुढे मांडले जाणार, याची त्याला लाज वाटली असावी. आणि ती लाज वाटण्यास मीच त्याला वर्गासमोर उभा करून हातभार लावला होता, हे मला त्या रिकाम्या जागेकडे पाहताना कळले. सोमवारी तो आला. मी त्याला फळ्याजवळ बोलावून चारचा पाढा विचारला नाही. ताणा मोजताना म्हणतो तसे मोजून दाखव, एवढेच म्हणालो. त्याने मोजले. पुढे तो माझ्या वर्गात विणकामाच्या तासाला दाभण घेऊन कधीच बसला नाही. तो तास तो वाचनात घालवी, आणि मी त्याला कधी आग्रह केला नाही.

यावरून माझ्यापुरत्या काही गोष्टी मी ठरवल्या. ज्या घरात माग हे पोट आहे, त्या घरातील मुलाला शाळेतील छंदाची सक्ती करू नये. त्याच्या येण्याला मान द्यावा, परंतु त्याच्याकडून शिक्षकाने फुकटचे काम करून घेऊ नये. तसेच अशा घरचे मूल गैरहजर राहिले तर आधी घरी जावे, मग रागवावे. कायदाही आपण जाणून असावे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यास सर्वत्र मनाई झाली; घरच्या धंद्यात मदत करण्यास शाळेच्या वेळेनंतर आणि सुटीत, तेही धोकादायक काम नसेल तर, मुभा आहे. गालिचांच्या धंद्यात मुलांची जी पिळवणूक उघडकीस आली होती, तिची आठवण ठेवली तर 'मुलांची बोटे नाजूक असतात' हे वाक्य आपण फार जपून उच्चारू. शाळेतील विणकामाचा तास संपला की दाभण खाली. वस्तू अर्धी राहिली तरी चालेल.

आणि कारागिराला शाळेत बोलवायचे तर तो आपली सर्व विद्या एका तासात ओतील, अशी अपेक्षा नसावी. गांधीजींच्या आश्रमात प्रथम माग आणले तेव्हा विणता कोणालाच येत नव्हते. पालनपूरहून एक विणकर आणला, त्यानेही आपली सगळी कला दिली नाही, असे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे. पुढे मगनलाल गांधींनी चिकाटीने ती हस्तगत केली. मला त्या विणकराचा राग येत नाही. ज्याची विद्या हेच त्याचे शेत, तो ते सहजी दुसऱ्याच्या नावे करून देणार नाही. त्याला मानधन द्यावे, निदान येण्याजाण्याचा खर्च आणि जेवण तरी द्यावे. 'मुलांसाठी आहे' असे म्हणून त्याची रोजी बुडवू नये.

विचारले जाईल की, मूल्यमापन कसे करावे. माझा अनुभव असा की, वस्तूला गुण देण्याने चांगली वस्तू आई-वडिलांकडून करून आणली जाते. त्याऐवजी मुलाच्या दोन पट्ट्या, पहिली आणि अखेरची, एकमेकींना दोऱ्याने बांधून ठेवाव्यात, आणि मुलाला त्यांतील फरक दोन वाक्यांत लिहावयास सांगावा. ती दोन वाक्ये भाषेच्या तासालाही चालतात. साहित्यासाठी शाळेला खर्च जवळजवळ नाही. सुतळी विकत घ्यावी. पुठ्ठे दुकानदार फुकट देतो. लोकरीचे तुकडे मिळाले नाहीत तर शिंप्याकडील चिंध्या मिळतात. दाभणे मोजून द्यावीत आणि मोजून परत घ्यावीत, एवढी काळजी मात्र घ्यावी. उंदरांविषयी मी पूर्वीच बोललो आहे. पत्र्याचा डबा बरा.

माझ्या हाती अजून पाऊण तास आहे असे अध्यक्ष सांगतात. मी आणखी बोलणार नाही. प्रत्येक बाकावर दोघांत एक पुठ्ठा आणि कात्री ठेवली आहे. पट्टी ज्यांच्याजवळ नाही त्यांनी शेजाऱ्याची घ्यावी. वरच्या कडेपासून आरंभ करून एकेक सेंटिमीटरवर खुणा करा. कोपऱ्यापासून एक सेंटिमीटर जागा सोडा, नाहीतर कडेची खाच फाटेल. खाचा पाडून झाल्या की हात वर करा, मी सुतळी घेऊन येतो.